वाचक विचारतात : नाव दगडावर जाण्याआधी

दरवर्षी 21 ऑक्टोबरच्या, म्हणजे पोलीस स्मृतिदिनाच्या, आगेमागे या सदराकडे पोलिसांच्या घरांतून पत्रे येतात. यंदा आलेल्यांपैकी सहा पत्रे आणि त्यांची उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे मुद्दाम गाळली आहेत.

माझा धाकटा भाऊ पोलीस शिपाई होता. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नाकाबंदीत एकाने त्याच्या अंगावर गाडी घातली, त्यात तो गेला. 21 ऑक्टोबरच्या कार्यक्रमाला आम्ही सगळे गेलो होतो, आईसुद्धा. नावे वाचून संपली तरी त्याचे नाव आलेच नाही. आई तिथेच खाली बसली. चूक कुणाची?
— सांगली जिल्हा

बहुधा कुणाचीच नाही, पण हे तुम्हाला आधी कुणीतरी सांगायला हवे होते. पोलीस स्मृतिदिनाला वाचल्या जाणाऱ्या यादीचे वर्ष 1 सप्टेंबरला सुरू होते आणि पुढच्या 31 ऑगस्टला संपते. सप्टेंबरात गेलेल्याचे नाव त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात येत नाही, पुढच्या वर्षी येते. देशभरातल्या सगळ्या पोलीस दलांची आणि केंद्रीय दलांची नावे गोळा करून, तपासून, एकत्र छापायची असतात. त्याला वेळ लागतो म्हणून मध्ये हे अंतर ठेवले आहे. कार्यालयाच्या दृष्टीने ही सोय ठीक आहे, पण जिच्या घरात सव्वा महिन्यापूर्वी मयत झाली आहे त्या बाईला ती कशी कळणार?

आता वर्षभरात काय करायचे ते सांगतो. जून-जुलैमध्ये भावाच्या घटक कार्यालयात, म्हणजे जिल्हा पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तालयाच्या आस्थापना शाखेत, लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. अर्जात पाचच गोष्टी लागतात : सेवापुस्तकात आहे तसे पूर्ण नाव, पद, बक्कल नंबर, घटक आणि मृत्यूची तारीख. घटना एका दिवशीची आणि मृत्यू दुसऱ्या दिवशीचा असेल तर दोन्ही तारखा लिहा. 30 ऑगस्टला जखमी होऊन 3 सप्टेंबरला रुग्णालयात गेलेल्या माणसाचे नाव दोन याद्यांच्या फटीत पडू शकते.

नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्ही लिप्यांत द्या. हा आमचा हट्ट समजा. अखिल भारतीय यादी रोमन लिपीतून फिरते आणि पुन्हा देवनागरीत येताना तिचे ‘ळ’, ‘ढ’, ‘ठ’ हरवलेले असतात. काळेचे काले होते, कांबळेचे कांबले, ढोलेचे धोले, साठेचे साथे. वाचणारा अधिकारी समोर असेल तेच वाचतो. सोबत एका कागदावर नाव मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि शक्य झाले तर रंगीत तालमीच्या दिवशी वाचणाऱ्याला समक्ष भेटून नाव एकदा उच्चारून दाखवा. यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

हीच तारीख का, असेही तुम्ही विचारले आहे. 20 ऑक्टोबर 1959 रोजी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जहून तीन टेहळणी तुकड्या निघाल्या. दोन दुपारपर्यंत परतल्या. तिसरीतले दोन शिपाई आणि एक हमाल आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी गुप्तवार्ता विभागाचे अधिकारी करम सिंग साधारण वीस जणांना घेऊन शोधाला निघाले, काही घोड्यांवर आणि काही पायी. टेकडीवरून चिनी सैनिकांनी गोळीबार केला आणि त्यात दहा पोलीस पडले. त्यांचे मृतदेह चीनने 13 नोव्हेंबरला परत दिले आणि हॉट स्प्रिंग्जलाच पोलिसी इतमामात अंत्यसंस्कार झाले. जानेवारी 1960 मध्ये राज्यांच्या पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेत हा दिवस दरवर्षी पाळायचे ठरले. मुंबईत मुख्य कार्यक्रम नायगावच्या पोलीस हुतात्मा मैदानावर होतो.

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्याला कर्तव्यावर मरण आले. फलकावर ‘शहीद’ लिहावे की ‘हुतात्मा’? काही पालक म्हणतात, पोलिसाला शहीद म्हणता येत नाही. सरकारी दाखला लागतो का?
— मुख्याध्यापक, बीड जिल्हा

असा दाखला कुठेच मिळत नाही, कारण सरकारी व्याख्येत हा शब्द बसवलेलाच नाही. सैन्यदलांतल्या किंवा केंद्रीय पोलीस दलांतल्या मृतांसाठी सरकार अधिकृतपणे ‘शहीद’ हा शब्द वापरत नाही, असे गृह राज्यमंत्र्यांनी डिसेंबर 2015 मध्ये लोकसभेत सांगितले होते. तेव्हा ‘सैनिकाला म्हणता येते, पोलिसाला नाही’ हा पालकांचा भेद कागदावर टिकत नाही. बोलीत आणि फलकावर तुम्ही दोन्ही शब्द वापरू शकता.

‘हुतात्मा’ या शब्दाला मात्र महाराष्ट्रात एक जुना पीळ आहे. मुंबईच्या हुतात्मा चौकातले हुतात्मे हे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत पोलिसांच्या गोळीबाराला बळी पडलेले लोक आहेत आणि नायगावच्या हुतात्मा मैदानातले हुतात्मे स्वतः पोलीस आहेत. एकाच शहराने तोच शब्द दोन्हीकडे वापरला आहे आणि त्याने कुणाचे बिघडलेले नाही. शाळेत मुलांना हे सांगायला हरकत नाही, उलट सांगाच.

फलकासाठी आम्ही सुचवू ते साधे वाक्य : ‘कर्तव्य बजावताना वीरमरण’, त्याखाली ठिकाण आणि तारीख. सरकारी अर्जात मात्र ‘शहीद’ लिहू नका. तिथे ‘शासकीय कर्तव्य बजावत असताना मृत्यू’ हीच शब्दरचना ठेवा. कुटुंबाला मिळायच्या रकमा, निवृत्तिवेतन, अनुकंपा नियुक्ती आणि स्मृतियादी यांचे निकष वेगवेगळ्या नियमांत आहेत. एका ठिकाणी नाव लागले म्हणून दुसरीकडे आपोआप लागत नाही आणि एका ठिकाणी नाकारले म्हणून दुसरीकडचा दावाही बुडत नाही. प्रत्येक अर्ज स्वतंत्र करावा लागतो.

आमच्या पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी सशस्त्र दरोडेखोराला पकडताना जीव गमावला. शौर्यपदकाचा प्रस्ताव पाठवला, तो ‘त्रुटी’ म्हणून दोनदा परत आला. प्रस्तावात नेमके काय लागते? लिहिणारे आम्हीच, पण आम्हाला कुणी शिकवलेले नाही.
— एक उपनिरीक्षक, मराठवाडा

शेवटच्या वाक्याबद्दल आभार. प्रस्ताव फसतात ते बहुतेक वेळा शौर्य कमी पडते म्हणून नाही. लिहिणाऱ्याला बक्षीसपत्राची भाषा येते आणि तो तीच वापरतो, म्हणून ते फसतात. ‘जिवाची पर्वा न करता अतुलनीय शौर्य दाखवून’ हे वाक्य प्रत्येक फाइलमध्ये असते, त्यामुळे ते कुणी वाचतच नाही.

आधी पदके कोणती ते पाहू. पोलिसांची राष्ट्रपती पदके 1951 पासून आहेत. गृह मंत्रालयाने अलीकडे पोलीस, अग्निशमन, गृहरक्षक-नागरी संरक्षण आणि सुधारसेवा यांची वेगवेगळी पदके एकत्र करून चार ठेवली : राष्ट्रपती शौर्य पदक, शौर्य पदक, राष्ट्रपतींचे विशिष्ट सेवा पदक आणि गुणवत्तापूर्ण सेवा पदक. जानेवारी 2024 पासून याद्या याच नावांनी येतात. तुमच्या कपाटातल्या जुन्या नमुन्यावर ‘पोलीस शौर्य पदक’ असे शीर्षक असेल तर तो नमुना बदला. घोषणा वर्षातून दोनदा होते, 26 जानेवारीला आणि 15 ऑगस्टला. याशिवाय अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र ही मालिका पोलिसांनाही खुली आहे. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि तुकाराम ओंबळे यांना 26 जानेवारी 2009 रोजी मरणोत्तर अशोक चक्र जाहीर झाले, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

ओंबळे यांचे उदाहरण लेखनासाठी मुद्दाम घेऊ. एकाही विशेषणाशिवाय ते असे सांगता येते : नोव्हेंबर 2008 ची ती मध्यरात्र, गिरगाव चौपाटीजवळची नाकाबंदी. अडवलेल्या गाडीत दोन अतिरेकी. सहायक फौजदाराच्या हातात फक्त लाठी, समोरच्याकडे एके-47. त्यांनी बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगात जात असतानाही सोडली नाही. तेवढ्या वेळात सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. शस्त्रांतली तफावत, त्यांनी नेमके केलेले कृत्य आणि त्यातून निघालेला परिणाम, एवढे तीन मुद्दे मिळाले की समिती पुढचे वाचते.

तुमच्या हवालदारांसाठी याच क्रमाने लिहा. वेळ काय होती, उजेड किती होता, अंतर किती पावलांचे होते, दरोडेखोराकडे कोणते शस्त्र होते आणि तो ते कसे वापरत होता. मग सर्वांत महत्त्वाचा आणि हमखास राहून जाणारा मुद्दा : हवालदारांपुढे दुसरा कोणता मार्ग मोकळा होता? कुमक येईपर्यंत भिंतीआड थांबता आले असते का? थांबता आले असते आणि ते थांबले नाहीत, तर का? आत घरात माणसे होती म्हणून? टाळता येण्याजोगा धोका जाणूनबुजून पत्करला हे दिसल्याशिवाय ते शौर्य ठरत नाही, कर्तव्य ठरते. त्यासाठी पदक दिले जात नाही.

जोडकागद : फिर्यादीची प्रत, त्या दिवसाची स्टेशन डायरी, ड्युटी वाटपाची नोंद, घटनास्थळाचा पंचनामा आणि मोजमापासह नकाशा, जप्ती पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, जखमी सहकाऱ्यांची दुखापत प्रमाणपत्रे, गोळीबार झाला असेल तर शस्त्र व काडतुसांचा हिशेब आणि तज्ज्ञ अहवाल. हे सगळे एकमेकांशी जुळले पाहिजे. सायटेशनमध्ये, म्हणजे प्रस्तावातल्या शौर्याच्या वर्णनात, ‘दहा फुटांवरून’ आणि पंचनाम्यात ‘अंदाजे वीस मीटर’ असेल तर फाइल परत येणारच. वेळांचेही तसेच. डायरीत 02.10 आणि फिर्यादीत 01.40 असेल तर खुलासा आधीच जोडा, विचारण्याची वाट पाहू नका.

एका घटनेतून पाच-सहा जणांची शिफारस करायची असेल तर प्रत्येकाचा वेगळा परिच्छेद लिहा. ‘पथकाने एकजुटीने प्रतिकार केला’ असे लिहिले की सगळ्यांची शिफारस पातळ होते आणि नुकसान गेलेल्या माणसाचे होते. प्रत्यक्ष जागेवर नसलेल्या वरिष्ठाचे नाव यादीत घुसवण्याचा मोह होतो, ‘मार्गदर्शनाखाली’ या शब्दाच्या आडून. ते नाव ज्याच्या सांगण्यावरून गेले असेल त्याला आम्ही काही सांगू शकत नाही, पण अशा एका नावामुळे अख्खा प्रस्ताव संशयात पडतो, हे लक्षात असू द्या.

घटनेत आरोपी ठार झाला असेल तर आणखी एक पायरी आहे. मुंबईतल्या चकमकींच्या प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2014 रोजी सोळा निर्देश दिले. त्यांत स्वतंत्र तपास आणि दंडाधिकारी चौकशी आहे आणि घटनेनंतर लगोलग पदोन्नती किंवा शौर्यपुरस्कार देऊ नये, शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच द्यावा, असेही आहे. म्हणून दंडाधिकारी चौकशीचा अहवाल फाइलला लागतो. तो येईपर्यंत थांबायचे, पण बाकीचे कागद मात्र पहिल्या पंधरवड्यातच गोळा करून ठेवायचे. साक्षीदारांच्या बदल्या होतात, मोबाइलमधले चित्रण पुसले जाते, रुग्णालयाचे कागद तळघरात जातात.

वाट लांब आहे : ठाणे, अधीक्षक, परिक्षेत्र, महासंचालक कार्यालय, राज्याचा गृह विभाग, केंद्रीय गृह मंत्रालय, राष्ट्रपती. प्रत्येक टप्प्याचा जावक क्रमांक आणि तारीख एका कागदावर लिहीत चला. तुमची बदली झाली तर तोच कागद पुढच्याच्या हाती द्या. आणि घोषणेच्या दिवशी पदक हातात येत नाही, हे कुटुंबाला आधीच सांगून ठेवा. आधी नाव प्रसिद्ध होते, पदक प्रदान करण्याचा समारंभ नंतर कधीतरी होतो.

माझे यजमान गडचिरोलीत सुरुंगस्फोटात जखमी झाले. पाय वाचला, पण कान गेला आणि झोप लागत नाही. गेलेल्यांचे फोटो लागतात, त्यांना मानवंदना मिळते. वाचलेल्यांना कोण विचारतो? त्यांना स्वतःला काही मागायची लाज वाटते. मी काय करू?
— विदर्भ

ताई, तुमची तक्रार रास्त आहे. गेलेल्यांच्या यादीला एक ठरलेला दिवस आहे, दगड आहे, वाचन आहे. जखमींची अशी यादीच नसते. म्हणून त्यांची दखल घेतली जाते ती केवळ कागदांतून आणि ते कागद घरच्याच कुणाला तरी जमवावे लागतात. हे मागणे नव्हे. जे घडले त्याची ती नोंद आहे, असे यजमानांना सांगून पाहा.

आधी एक जाड फाइल करा. पहिला कागद म्हणजे त्या दिवशी ते कोणत्या मोहिमेवर होते हे दाखवणारी ड्युटीची नोंद. दुसरा, पहिल्या दवाखान्यातला पहिला कागद, मग तो उपकेंद्रातला चिटोरा का असेना. मोठ्या रुग्णालयाचा डिस्चार्ज कार्ड नीटनेटका असतो, पण त्यात ‘स्फोटात जखमी’ऐवजी नुसते ‘डाव्या पायाचे अस्थिभंग’ लिहिलेले असू शकते. कारण लिहिले नसेल तर डॉक्टरांकडून लिहून घ्या. तिसरा, कानाची तपासणी. स्फोटानंतर पायावर सगळ्यांचे लक्ष जाते, कान महिनोन्‌महिने कुणी तपासत नाही आणि मग ‘हे वयामुळे असेल’ असा शेरा येतो. ऑडिओग्राम लवकर काढून घ्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा काढा. झोप न लागणे, दचकणे, चिडचिड हेही मानसोपचारतज्ज्ञाकडून कागदावर येऊ द्या. त्याने नोकरी जाईल ही भीती पोलीस लाइनीत फार असते.

ती भीती कायद्याला धरून नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चे कलम 20(4) सांगते की, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने काढून टाकायचे नाही आणि त्याचे पदही खाली आणायचे नाही. आधीचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीचे दुसरे काम द्यायचे. तसे पद रिकामे नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा, पद निर्माण करून ठेवायचे. ‘हलकी ड्युटी’ तोंडी दिली जाते आणि साहेब बदलले की तोंडीच काढून घेतली जाते. ती लेखी आदेशाने मागा.

रजेचेही तसेच. कर्तव्यामुळे झालेल्या दुखापतीसाठी विशेष विकलांगता रजा असते, कमाल 24 महिन्यांपर्यंत. दुखापत घटनेपासून तीन महिन्यांत उघड झालेली असावी, अशी तिची साधारण अट आहे. ती रजा अर्जित रजेच्या खात्यातून वजा होत नाही. माहीत नसल्यामुळे लिपिक आधी अर्जित रजा, मग अर्धपगारी असे खाते रिकामे करतो. तुमच्या यजमानांचे तसे झाले असेल तर रजा रूपांतरित करून मागण्याचा अर्ज द्या.

सन्मानाचे म्हणाल, तर शौर्यपदकाला मरणाची अट नाही. जिवंत माणसाची शिफारस करता येते आणि वर उपनिरीक्षकांना सांगितलेले सगळे तिलाही लागू आहे. राज्यात 1 मेला पोलीस महासंचालकांचे सन्मानचिन्ह दिले जाते. त्याची शिफारस घटकातून जाते, तेव्हा घटक प्रमुखांकडे लेखी विचारणा करा. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ नसते, कुणाला आठवलेले नसते इतकेच.

आमच्या गावातले दोन पोलीस वेगवेगळ्या वर्षी धारातीर्थी पडले. गावकऱ्यांना चौकात पूर्णाकृती पुतळे हवेत. ग्रामपंचायतीने दोन लाखांची तरतूद केली आहे. परवानगी कशी घ्यायची?
— ग्रामपंचायत सदस्य, सातारा जिल्हा

चौकात पुतळा बसवू नका. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि रहदारीच्या जागांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा 18 जानेवारी 2013 चा आदेश आहे. दुसऱ्या जागी बसवायचा तरी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मातीचे प्रतिरूप कला संचालनालयाकडून मान्य करून घ्यावे लागते. दोन लाखांत दोन पूर्णाकृती पुतळे म्हणजे फायबरचे आणि फायबर दोन-तीन उन्हाळ्यांत पांढरे पडते. पासपोर्ट आकाराच्या फोटोवरून केलेला चेहरा जमत नाही तो नाहीच. मग आई येऊन म्हणते, हा माझा नाही.

शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात, जागेचा मालक स्पष्ट असेल तिथे, ग्रामसभेच्या ठरावाने दगडी नामफलक करा. दोन लाखांत उत्तम होईल आणि पैसे उरतील.

दगड काळा ग्रॅनाइट घ्या. संगमरवर दिसायला छान असतो, पण जांभळाच्या झाडाखाली आणि पावसात त्याचे काय होते ते कुठल्याही देवळात पाहा. आकार चार फूट बाय अडीच फूट पुरे. जाडी 30 मिलिमीटर मागा. दुकानदार फरशीची 18 मिलिमीटरची पाटी दाखवेल, ती भोके पाडताना कोपऱ्यात तडकते. या आकाराच्या दगडाचे वजन साधारण 75 किलो भरते, म्हणजे नुसत्या चिकट सिमेंटवर विसंबून तो उभा करायचा नाही. मागून स्टेनलेस स्टीलच्या चार पिना घ्या. साध्या सळईच्या पिना गंजून फुगतात आणि दगड आतून फोडतात. चौथरा जमिनीपासून दीड फूट उंच ठेवा, वरच्या पृष्ठाला मागे किंचित उतार द्या, नाहीतर पाणी अक्षरांत साचते.

अक्षर निदान 3 मिलिमीटर खोल कोरलेले हवे. वरवर कोरून सोनेरी रंग भरला की पहिल्या वर्षी झळकते आणि चौथ्या वर्षी वाचता येत नाही. दहा फुटांवरून वाचायचे तर अक्षराचे अंग एक इंच उंच ठेवा आणि हा इंच शिरोरेषेपासून खालचा. वेलांट्या आणि उकार त्याच्या बाहेर असतात, म्हणून दोन ओळींमध्ये निदान तेवढीच मोकळी जागा लागते. संगणकावरचा आराखडा करणारा ती सोडत नाही, मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर बसतो. अनुस्वाराचा टिंब बारीक असेल तर तो कोरला जात नाही. ‘शिंदे’चे ‘शिदे’ झालेले फलक जिल्ह्यात शोधायला लांब जावे लागणार नाही.

कोरायला देण्यापूर्वी मजकूर पूर्ण आकारात साध्या फ्लेक्सवर छापून जागेवर आठ दिवस लावून ठेवा. येता-जाता गाव वाचेल आणि चुका सांगेल. मग दोन्ही घरांतल्या माणसांच्या कागदावर सह्या घ्या, नावाच्या प्रत्येक अक्षरासह. सेवापुस्तकातले नाव आणि घरचे नाव वेगळे असेल तर सेवापुस्तकातले वर, घरचे खाली. क्रम हुद्द्याने लावू नका, तारखेने लावा. तारखेचा क्रम कुणाला खटकत नाही आणि पुढे भर घालता येते. भर घालावी लागू नये, पण खाली जागा सोडा. गडचिरोलीने 2009 या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी अशा तीन घटनांत अनुक्रमे 15, 16 आणि 17 पोलीस गमावले.

आणि एक अप्रिय गोष्ट. उद्घाटकांची नावे त्याच दगडावर नकोत. अनेक फलकांवर गेलेल्याचे नाव एका ओळीत आणि मान्यवरांची नावे सात ओळींत असतात. मान्यवर हवेच असतील तर त्यांच्यासाठी बाजूला छोटी पाटी करा. दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे, 21 ऑक्टोबर 2018 ला खुले झालेले. 30 फुटी, 238 टनांची एकसंध ग्रॅनाइटची शिळा आणि भिंतीवर स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर गेलेल्या 34 हजारांहून अधिक पोलिसांची नावे. तुमच्या दोघांची नावे तिथेही असायला हवीत. कुणी दिल्लीला जाणार असेल तर शोधून, फोटो काढून आणायला सांगा. नाव नसेल किंवा चुकलेले असेल तर तो फोटो जोडून घटक कार्यालयात अर्ज द्या.

आमचे मंडळ दिवाळीआधी जखमी पोलिसांचा आणि हुतात्म्यांच्या कुटुंबीयांचा सत्कार करणार आहे. पोलीस दलाची मानवंदना तुकडीही येणार आहे. आणखी एक : एका आजींकडे मुलाचे पदक काळे पडले आहे, ते उजळून फ्रेम करून द्यायचा विचार आहे. यात काय सांभाळावे?
— नाशिक

पदकाचे आधी, कारण ते घाईने बिघडते. चिंच, लिंबू, रांगोळी, पितळ चकाकवायचे पॉलिश यांपैकी काहीही लावू नका. काही पदकांवर मुलामा असतो, तो एका घासण्यात जातो आणि काठावरची कोरीव अक्षरेही बोथट होतात. मऊ सुती कापडाने कोरडे पुसा, बस्स. फीत धुऊ नका, रंग उतरतो. फ्रेमच्या काचेला पदक टेकणार नाही इतकी खोल चौकट घ्या आणि उन्हाच्या भिंतीवर लावू नका. सनदेची मूळ प्रत फ्रेममध्ये अडकवण्यापेक्षा तिची छायाप्रत लावा. मूळ प्रत आजींना पुढे कधीतरी दाखवावी लागेल.

आता सत्कार. निमंत्रण घरी जाऊन द्या आणि तेव्हाच विचारा : जिना चढता येतो का, किती वेळ बसता येते, मंचावर यायचे आहे की जागेवरच बरे. मैदान असेल तर चाकाची खुर्ची मातीत रुतते, विशेषतः ऑक्टोबरच्या ओल्या मैदानात. त्यांच्या रांगेखाली प्लायवुड टाका. शाल-श्रीफळ द्यायचे असेल तर हात नीट चालत नसलेल्याच्या हातात नारळ कोंबू नका. पाकीट द्यायचे असेल तर ते घरी द्या, माइकवरून रक्कम सांगू नका.

मानवंदनेचा क्रम तुकडीचे प्रमुख ठरवतील. तुमचे काम लोकांना तो आधी समजावून सांगण्याचे. ‘शोक शस्त्र’चा हुकूम झाला की बंदुकांच्या नळ्या खाली जातात, बिगुल वाजतो. तेव्हा सगळ्यांनी उभे राहायचे, टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत. हे सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच सांगावे, कारण नंतर बोलण्याची ती वेळ नसते.

हवेत फैरी झाडणार आहेत का, हे तुकडी प्रमुखांना नक्की विचारा. झाडणार असतील तर जखमींच्या खुर्च्या तुकडीपासून शक्य तितक्या दूर, आणि त्यांना तुकडी दिसेल अशा बाजूला ठेवा. पाठीमागून फैरी झाडू नयेत. स्फोटात जखमी झालेल्या माणसाला काडतूस कोरे आहे हे माहीत असते, तरी त्याचे अंग ते मानत नाही. पहिल्या फैरीआधी कुणीतरी जवळ जाऊन हळूच सांगावे, ‘साहेब, आता तीन होतील.’ ज्याला आत खोलीत जाऊन बसायचे असेल त्याच्यासाठी खोली उघडी ठेवा आणि किल्ली कुणाकडे आहे ते त्याच्या घरच्यांना सांगून ठेवा.